लवंगेच्या वासाचं रानफूल

माझे बाबा आयुष्यभर तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, गणवेश सुटला, पण समोर येणारा प्रत्येक माणूस विनातिकीट असणार ही खात्री काही सुटली नाही. आमच्या घरामागचा रस्ता जिथे संपतो तिथे एक टेकडी आहे आणि टेकडीवर जुन्या झाडांचं दाट रान आहे. बाबा रोज सकाळी तिथे जायचे. आम्ही त्याला फिरणं म्हणायचो, ते मात्र ड्यूटीवर निघाल्यासारखे बूट पुसून निघायचे.

त्या रानात, मोठ्या झाडांच्या बुंध्यांपाशी, थंडी सरता सरता एक पांढरं फूल येतं. वीतभर देठ, वर तीन पानं आणि त्यांच्या मधोमध खाली मान घातलेलं एकच फूल. बाबा त्याच्या प्रेमात पडले. मला हे जरा झोंबलंच, कारण एवढ्या कौतुकानं त्यांनी कधी माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. फुलाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी रानफुलं ओळखायचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात पानोपानी दोन-दोन प्रश्न असतात: पानं समोरासमोर की एकाआड एक, कडा सरळ की दातेरी. उत्तर द्यायचं, पुस्तक सांगेल त्या पानावर जायचं, तिथे पुढचा प्रश्न. आम्हाला दुसऱ्या पानावरच झोप यायची. बाबांना मात्र ते पुस्तक जीव की प्राण झालं, कारण ती सगळी चौकशीच होती.

एक गोष्ट मात्र त्यांना छळायची. दर वर्षी उन्हं चढू लागली की ती झाडं नाहीशी व्हायची. नुसती फुलं नाही, पानं, देठ, सगळंच. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, हंगाम संपला. बाबांना वाटलं, चोरी झाली. कोणीतरी टेकडीवर येतं आणि रोपं उपटून नेतं, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी वाटेवर उभं राहून लोकांच्या पिशव्या तपासायला सुरुवात केली. कुत्रा फिरवायला येणाऱ्या एका बाईंची पिशवी तर ते रोज बघायचे, कारण त्या बाई नजर चुकवतात असं त्यांचं म्हणणं होतं. बाबांसमोर कोण नजर चुकवणार नाही? लोक माझ्याकडे तक्रारी घेऊन यायचे आणि मी त्यांना सांगायचे, तुमचा दिवसातून एकदाच संबंध येतो, माझा विचार करा.

या वर्षी अचानक आमच्या मागच्या गॅलरीतल्या कुंडीत ते फूल उगवलं. बाबांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. गेल्या वर्षी खाली पडलेल्या बिया वेचल्या होत्या, सावलीत वाळवून डब्यात ठेवल्या होत्या आणि त्यातलीच एक रुजली, असं त्यांनी सांगितलं. वर शेजाऱ्यांना एक भाषणही दिलं, की रान जपायचं तर असं जपायचं, बी लावून. उपटून आणणारे ते चोर. शेजारी मान डोलावून फुलाचे फोटो काढून गेले.

त्यानंतर दोनच दिवसांनी बाबा टेकडीच्या उतारावर पडले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. एका फूलचोराचा पाठलाग करत होतो, असं त्यांनी स्ट्रेचरवरून सांगितलं.

आता आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. माझा नवरा आणि मी दात करतो. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवतात आणि आम्ही घराच्या पुढच्या खोलीत बसून कवळ्या करतो. प्लास्टर ओतणं, भट्टी, घासकाम हे नवऱ्याचं. रंग माझ्याकडे. कोणाच्या दातात किती पिवळा, किती करडा हे मी लांबून सांगू शकते आणि लग्नकार्यात मला तोच एक विरंगुळा असतो. नवरा शांत माणूस आहे. दुसऱ्यांचे दात करून त्याचं आयुष्य गेलं, पण स्वतःच्या दाढेसाठी डॉक्टरकडे जायला तो थरथर कापतो. दाढ दुखली की लवंगेच्या तेलाचा बोळा धरतो आणि आठवडाभर घरभर लवंगेचा वास फिरत राहतो.

बाबांचं ऑपरेशन चांगलं झालं. मग त्यांना चालायला शिकवतात त्या वॉर्डात हलवलं आणि तिथे त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. व्यायाम करून घेणारी फिजिओ बारीक चणीची होती, पण तिचे हात लोखंडाचे होते. तिच्याकडेही बाबांनी ओळखपत्र मागितलं, ते नीट वाचलं, परत दिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले. उठायला तयार नाहीत, बसायला तयार नाहीत. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं की हाडाचं काम झालंय, आता जे आहे ते मनाचं. आणखी काही आठवडे असेच गेले तर तुमचे वडील पुन्हा कधीच चालणार नाहीत. मी मान डोलावली आणि जिन्यात जाऊन रडले. बाबा आणि खुर्ची, हे चित्र माझ्या डोक्यात बसतच नव्हतं. ज्या माणसानं धावत्या गाडीत उभ्यानं आयुष्य काढलं, तो बसून काय करणार?

इकडे घरी कुंडीतलं रोप मरायला टेकलं होतं. मी पाणी घालत होते, पाणी कमी करत होते, सावली, ऊन, पुन्हा सावली, सगळं करून बघितलं. आधी फूल गळलं, मग पानं पिवळी पडली आणि एका सकाळी बघते तर कुंडीत नुसती माती. मी नवऱ्यावर खापर फोडलं की तू प्लास्टरची भांडी तिथे विसळतोस. तो म्हणाला, मी ती आतच विसळतो. हे खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

त्या दुपारी मी बाबांना भेटायला गेले, तर ते भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "फूल कसं आहे?"

आठवड्याभरातलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं. मी म्हणाले, "मस्त आहे."

बाबा वळले. अख्खे, डोक्यापासून पायापर्यंत, कुशीवर. म्हणाले, "उद्या फोटो आण."

यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुमच्यापैकी कोणीही हेच केलं असतं, फक्त तुम्हाला ते एवढं चांगलं जमलं नसतं. घरी येऊन मी सगळी कामं बाजूला सारली. मेणात पाकळ्या कोरल्या, ॲक्रिलिकमध्ये उतरवल्या, कवळी शेजारच्या दाताला अडकवायला जे आकडे असतात, त्यांची तार देठाला घातली. पांढऱ्या रंगासाठी दातांच्या रंगांची पट्टी काढली आणि डोळे मिटून फूल आठवलं. सिगारेट न ओढणाऱ्या, मध्यमवयीन बाईच्या पुढच्या दाताचा जो रंग असतो, अगदी तोच. हिरवा रंग आमच्याकडे नसतो, पण दातांवरचे डाग दाखवायला पिवळा आणि निळा असतो, तो मिसळला. रोप तयार झाल्यावर ते कुंडीत उभं राहीना, तेव्हा नवऱ्यानं त्याच्याकडे कुठल्याही अडचणीवर जो एकच उपाय असतो तो केला. प्लास्टर ओतलं. वरून माती भुरभुरवली. मी फोटो काढला आणि दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. खऱ्यापेक्षा जरा बरंच दिसत होतं.

फोटो बघून बाबांनी चष्मा मागितला. मग उशी मागितली. मग उठून बसले आणि म्हणाले, "माझं पुस्तक आण."

आणि चौकशी सुरू झाली. वॉर्डात फोन लागायचा नाही, लागायचा तो फक्त व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीशी. फिजिओ हुशार होती. तिनं सांगितलं, फोन करायचा असेल तर खिडकीपर्यंत चला. बाबा वॉकर धरून शिव्या घालत निघाले. पहिल्या दिवशी दारापर्यंत पोहोचले, दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात, आणि त्या आठवड्याच्या शेवटी माझा फोन वाजला. पलीकडून धापा टाकत बाबांनी विचारलं, देठावर लव आहे की देठ गुळगुळीत आहे?

मला काय ठाऊक. खरं रोप मी नीट बघितलंच नव्हतं, ते असताना मला त्याचा मत्सर वाटायचा. मी म्हणाले, लव आहे. रानातलं झाड म्हणजे केसाळच असणार, असा आपला अंदाज. बाबा म्हणाले, जवळून फोटो पाठव.

मग मी बसले चिमटा घेऊन. घासकामाच्या ब्रशचे केस बारीक कापले आणि एकेक करून देठावर चिकटवले. त्या दिवशी एका आजोबांची कवळी द्यायची होती. ते दर तासाला फोन करून बोळक्या तोंडानं काहीतरी सांगायचे आणि मी न समजताच हो हो म्हणायचे. त्यांना कवळी मिळाली ती उशिरा, आणि तिच्यावर कुठेतरी हिरवी छटा आहे असं त्यांच्या सुनेचं म्हणणं होतं. मी सांगितलं, उजेडामुळे तसं वाटतं.

बाबांचे प्रश्न थांबेनात. पाकळीच्या आत ठिपके आहेत का? मी म्हणाले आहेत, आणि केले. पानाची खालची बाजू कशी आहे? हिरड्यांचा रंग उरला होता, म्हणून म्हणाले, गुलाबी. प्रत्येक उत्तरासरशी ते पुस्तकात भलत्याच पानावर जायचे, तिथला प्रश्न घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीशी यायचे, आणि रोज थोडे कमी धापा टाकायचे. नवरा एकदा म्हणाला की हे अंगाशी येणार. मी म्हणाले, अंगाशी आलं तर येऊ दे, ते चालतायत ना?

शेवटी त्यांनी वास विचारला. मी वाकून रोपाला नाक लावलं. ते त्याच दिवशी नवऱ्यानं हाताळलं होतं आणि त्याची दाढ ठणकत होती. मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "लवंगेचा."

मग बाबा म्हणाले, "काय सांगतेस!"

झालं असं होतं की माझ्या उत्तरांनी पुस्तकानं हात टेकले होते. केसाळ देठ, ठिपक्यांची पाकळी, खालून गुलाबी पान, लवंगेचा वास आणि आठवडे उलटले तरी न कोमेजणारं फूल, असं झाड पुस्तकात कुठे नव्हतंच. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच पोहोचले, आणि निष्कर्ष काढला की हे जगाला माहीत नसलेलं फूल आहे. वॉर्डातल्या सगळ्यांना त्यांनी ते जाहीर केलं. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी फुलाला बाबांचं नाव द्यायचं सुचवलं, त्यावर बाबा लाजले. मी त्यांना लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

एकच अडचण राहिली होती. बाबा चालत होते, पण वॉकर सोडत नव्हते. जेवतानाही एक हात त्याच्यावर. हात काढायचा म्हटलं की त्यांचा चेहरा पांढराफटक व्हायचा. डॉक्टर म्हणाले, घरी पाठवतो, पण हा सुटला नाही तर यापुढे सुटणार नाही, आणि त्यांना म्हणावं, टेकडी विसरा. मी हे बाबांना सांगितलं. टेकडीचं नाव काढताच ते पुन्हा भिंतीकडे वळले. मला वाटलं, फुलांची आठवण येत असेल.

घरी यायच्या दिवशी त्यांनी बॉम्ब टाकला. त्यांनी खिडकीतून फक्त मलाच फोन केले नव्हते. वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका बाईंना त्यांनी गाठलं होतं, त्या वॉर्डात येऊन भेटूनही गेल्या होत्या, आणि आज त्या स्वतःच बाबांना आपल्या गाडीतून घरी आणून फूल बघणार होत्या. माझी पाचावर धारण बसली. मी नवऱ्याला म्हणाले, मांजरानं खाल्लं म्हणून सांगू. तो म्हणाला, आपल्याकडे मांजर नाही. मी म्हणाले, शेजाऱ्यांचं. तो म्हणाला, त्यांच्याकडे पोपट आहे. मी कुंडी खाली पाडायला म्हणून गॅलरीत गेले, दोन्ही हातांनी उचलली, पण नवऱ्यानं प्लास्टर इतकं सढळ हातानं ओतलं होतं की ती जेमतेम हलली. तेवढ्यात दारात वॉकरची टकटक ऐकू आली.

संशोधक बाई उंच, उन्हानं रापलेल्या, गळ्यात दोरीला भिंग. आल्या त्या सरळ गॅलरीत गेल्या आणि कुंडीसमोर गुडघ्यांवर बसल्या. भिंग डोळ्याला लावलं. बाबा मागे वॉकर धरून उभे. बाईंनी देठ पाहिला, पान उलटं केलं, वास घेतला. मग पाकळीवर नखानं टिचकी मारली. टक् असा आवाज आला.

त्या वळून माझ्याकडे बघून हसल्या, आणि त्यांचा समोरचा दात मी ताबडतोब ओळखला. गेल्या वर्षीचा. कडेला किंचित करडी छटा द्यायला मला दोन दिवस लागले होते.

"हे काम कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या दाताचं ज्यांचं, त्यांचंच," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

बाबांना समजायला थोडा वेळ लागला. मी त्यांना सगळं सांगितलं, सारवासारव न करता, उभ्या उभ्या. खरं रोप माझ्या हातून मेलं, तुम्ही भिंतीकडे तोंड केलं होतं, म्हणून हे केलं. लव ब्रशची आहे, वास जावयांच्या दाढेचा आहे. बाबा ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ते ओरडले नाहीत. ते हळूहळू खुर्चीत बसले, वॉकर जवळ ओढून घेतला आणि म्हणाले, "मी सगळ्या वॉर्डाला सांगितलं गं." ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं की ओरडले असते तर बरं झालं असतं. मला दिसत होतं, आता हे या खुर्चीतून उठणार नाहीत.

बाईंनी विचारलं, खरं रोप कुठे टाकलं? मी म्हणाले टाकलं कुठेच नाही, ते मातीतच विरून गेलं. त्यांनी नवऱ्याला हातोडी आणायला सांगितली. त्यानं आपलंच प्लास्टर हळूहळू फोडलं, प्रत्येक ठोक्याला चेहरा वाकडा करत. खालची माती ओलसर होती. बाईंनी तिच्यात दोन बोटं घातली आणि एक गाठ बाहेर काढली, आल्याच्या तुकड्याएवढी, टणक, आणि तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्यासारखा पांढरा कोंब.

"मेलं कुठलं," त्या म्हणाल्या. "झोपलंय. ही झाडं दर वर्षी अशीच झोपतात. वर सावली दाट व्हायच्या आत फुलून घेतात आणि मग जमिनीखाली जातात. पुढच्या थंडीनंतर परत वर."

मी आनंदानं किंचाळणार होते, पण बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "दर वर्षी?"

"दर वर्षी."

"म्हणजे कोणी उपटून नेत नाही?"

"कोण नेणार? अख्खी टेकडी?" बाई हसल्या. मग गाठ उजेडात फिरवून बघताना त्यांचं हसू थांबलं. तिच्या एका अंगाला सरळ, खोल चर होता. बाई म्हणाल्या, ही तर बरीच जुनी गाठ आहे. वाळवलेलं बी तर रुजतच नाही, ते ओलं असतानाच मातीत जावं लागतं, आणि रुजलं तरी फुलायला कितीतरी वर्षं घेतं. शिवाय हा घाव खुरप्याचा दिसतो.

इतकी वर्षं ज्यांनी अख्ख्या टेकडीची तपासणी केली ते माझे बाबा, शेवटी विनातिकीट सापडले होते. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला फार गोड वाटलं.

"मी वाचवायला आणलं होतं," बाबा म्हणाले. "चोर यायच्या आधी एक तरी वाचवावं म्हणून." मग वॉकरच्या मुठीकडे बघत म्हणाले, "पाठलाग वगैरे काही नव्हता. तिथे खड्डा राहिला होता. कोणाला दिसू नये म्हणून बुजवायला गेलो, आणि पडलो. पुन्हा त्या उतारावर मला नेऊ नका."

म्हणजे हे होतं. हाड नव्हतं, पाय नव्हता. पकडले जायची भीती घेऊन माझे बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि मी इकडे ठिपके काढत बसले होते.

बाईंनी फार काही ऐकवलं नाही. एवढंच म्हणाल्या, की झोपेत आहे तोवर हे जिथलं तिथे परत गेलं पाहिजे, त्याच झाडाखाली, त्याच पालापाचोळ्यात. कुंडीत ते फार दिवस काढणार नाही. जागा तुम्हालाच माहीत आहे, आजच लावा. गाठ ओल्या कागदात गुंडाळून त्यांनी बाबांच्या मांडीवर ठेवली. जाताना माझ्याकडून खोटं फूल मागून नेलं, विद्यार्थ्यांना फसवायला.

बाबा म्हणाले, मी येणार नाही, जागा सांगतो, तुम्ही जा. तेव्हा माझा पारा चढला. मी म्हणाले, "बाबा, मी तुमच्यासाठी चिमट्यानं एकेक केस चिकटवलाय. एका माणसाचे दात हिरवे केलेत. तुम्ही उठताय की नाही?"

ते उठले.

आमची वरात निघाली. वॉकर टेकडीवर चालणार नव्हता, म्हणून बाबांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा नवऱ्याच्या, आणि नवऱ्याच्या काखोटीला घडीची खुर्ची, कारण तो खबरदारी घेणारा माणूस आहे. बाबांची पकड अशी की माझा खांदा निखळतो की काय असं झालं. पायवाटेला लागलो तर समोरून त्या कुत्रेवाल्या बाई येताना दिसल्या. बाबांना बघून त्या थांबल्या, कसे आहात वगैरे विचारलं, आणि बोलता बोलताच सवयीनं पिशवी उघडून त्यांच्यासमोर धरली. आत कुत्र्याचा पट्टा आणि एक छत्री होती.

बाबांची मान खाली गेली. "नको," ते म्हणाले. "राहू दे. तुमचं काही नव्हतंच. चूक माझी होती, माफ करा." बाई गोंधळल्या, पिशवी बंद केली आणि म्हणाल्या, अहो, मला सवय झालीय आता, तुम्ही नव्हतात तर चुकल्यासारखं वाटायचं. बाबांची माझ्या खांद्यावरची पकड थोडी सैल झाली.

उतार आला तेव्हा मात्र त्यांनी पकड पुन्हा आवळली. आम्ही पावलापावलानं उतरलो. एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी पाचोळा साठला होता आणि तिथेच तो खड्डा होता, अर्धा बुजलेला, बाबांच्या खुरप्याचा. आजूबाजूला कोरी माती. तिच्याखाली सगळी झोपलेली होती, हे आता आम्हाला ठाऊक होतं, आणि पाय कुठे ठेवावा ते कळेना.

नवऱ्यानं खुर्ची उघडली, पण बाबा बसले नाहीत, आम्हा दोघांना धरून उभे राहिले आणि सूचना देऊ लागले. माती भुसभुशीत करा. दगड काढा. फार खोल नको. पण सूचना ऐकायच्या तर आम्हाला वाकायला हवं होतं, म्हणून नवरा वाकला आणि बाबांचा एक हात मोकळा झाला. तो त्यांनी माझ्या दुसऱ्या खांद्यावर ठेवला. नवऱ्यानं कागद सोडला, गाठ उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि अगदी विचारपूर्वक, कोंब खाली करून खड्ड्यात ठेवली.

"जावईबापू!" बाबा गरजले. "कोंब वर असतो! आयुष्यात कधी झाड बघितलंय की नाही? सरका तिकडे!"

आणि माझ्या खांद्यांवरचं ओझं गेलं. बाबा पुढे झाले, एक पाऊल, दुसरं, खड्ड्याच्या कडेला उभे राहिले आणि दोन्ही हातांनी हवेत दाखवू लागले, गाठ अशी आडवी, कोंब असा, वरून पाचोळा असा आणि एवढा. नवरा मुकाट्यानं करत होता. बाबा त्याच्याभोवती फिरून दुसऱ्या बाजूनं बघून आले आणि तिथूनही चूक काढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू अशी काय उभी आहेस तोंड उघडं टाकून? पाणी घाल."

मी पाणी घातलं. त्यांनी कोणालाही धरलेलं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिथल्या तिथे पडले असते.